दवाखान्याला न जाणारी रिक्षा

सोलापुरात रिक्षाला हात केला की रिक्षावाला विचारतो, "कुठं जायचं?" हे गृहस्थ विचारायचे, "कुणाकडं जायचं?" आणि उत्तरात माणसाचं नाव आलं नाही, तर मान हलवून पुढं निघून जायचे. स्टेशन, बँक, कोर्ट, बाजार, यातलं काहीच त्यांना चालत नसे. दवाखाना तर मुळीच नाही. कुणी दवाखान्याचं नाव काढलं की ते रिक्षातून खाली उतरायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "त्येला दुसरी गाडी बगा. तितं न्यायला समदी येत्यात."

हा माणूस अर्धवट आहे, असं माझं मत पहिल्या भेटीतच झालं. ते मत मी पुढं बरीच वर्षं जपलं. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला आपलं मत बदलायला वेळ लागतो, आणि मी तर जात्याच हट्टी.

ते मुळात एसटीतले कंडक्टर. तीस-एक वर्षं बार्शीकडच्या गाड्यांवर तिकिटं फाडून निवृत्त झाले आणि त्या वयात रिक्षा चालवायला शिकले. अंगावर खाकी शर्ट तसाच. फक्त बिल्ला काढलेला, त्या जागी दोन भोकं. रिक्षात प्रवाशाच्या हाताशी त्यांनी सायकलची एक घंटी बसवली होती. एक वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की निघायचं. बसणाऱ्यानं स्वतः दोनदा घंटी वाजवल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. मी एकदा म्हटलं, "अहो, आई बसली, दिसतंय की. निघा ना."

"गाडी बसणाऱ्याची असती ताई. मी म्हंजे नुसता धरायला."

आणि आई, पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलांना दटावलेली माझी आई, ती घंटी दोनदा वाजवायची आणि खुदकन हसायची. तिला असं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं होतं, ते मला आठवत नव्हतं.

आईला जुळे सोलापूर या नव्या वस्तीत मीच आणलं. त्याआधी तिचा सगळा संसार नवी पेठेच्या मागच्या एका बोळात, दोन खोल्यांत झाला. वडील गेले, आईचे गुडघे गेले, आणि मी पुण्याहून येऊन एक चांगला फ्लॅट घेतला. तळमजला, न घसरणारी फरशी, संडासात धरायला दांडा. आईला काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. कमी पडली ती माणसं. नवी पेठेत असताना तिला कोथिंबिरीची जुडी आणायला तास लागायचा, कारण वाटेत दहा जण भेटायचे. इथं भाजीवाला गेटपाशी येई आणि वजन करून निघून जाई. मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, "आज कोण आलं होतं?"

"गॅसवाला," आई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"आज कुणी नाही. सिलिंडर भरलेलाय."

नरसम्मा मावशी नसती तर त्या फ्लॅटात आई वाळून गेली असती. मावशी आईच्याच शाळेत शिक्षिका होती. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरची बोली तेलुगू. आई तिच्याकडं पोचली की दारातूनच ओरडायची, "रा अक्का, कूसो!" म्हणजे ये, बस. आईला तेवढं तेलुगू यायचं आणि तेवढं पुरायचं. मावशीनंच हे रिक्षावाले शोधले. एका गुरुवारी ती त्यांच्या रिक्षातून आईकडं आली, आणि पुढच्या गुरुवारपासून आई तिच्याकडं जायला लागली.

त्यांचे प्रवासी असेच एकाकडून दुसऱ्याकडं जात जमलेले. सगळे सत्तरीच्या पुढचे. कुणी तरणाताठा आला तर म्हणायचे, "गुडघं वाजाय लागलं की या." सोमवार बाळीवेशीतल्या अप्पांचा. अप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान, आता मुलगा बघायचा. अप्पांना तिथं काही काम नव्हतं. दुकानाच्या पायरीवर तास-दोन तास बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं "काय अप्पा, आराम?" म्हणायचं, एवढ्यासाठी ते धुतलेलं धोतर नेसून तयार असत. गुरुवार आईचा. प्रत्येकाचा वार ठरलेला आणि तो त्यांना तोंडपाठ. डायरी नव्हती, मोबाइल बटणांचा. फोन उचलला की हॅलो नाहीच, एकदम, "बोला, कुणाकडं?"

रिक्षात त्यांनी एक लाकडी पाट ठेवलेला. ते आधी उतरायचे, पाट रस्त्यावर मांडायचे, पायानं दाबून डगमगत नाही ना ते बघायचे आणि मग हात पुढं करायचे. मीटर मात्र टाकायचे. मावशीनं एकदा विचारलं, असं पुण्याचं काम करता तर पैसे कशाला घेता? ते म्हणाले, "फुकट न्हेलं की माणूस दुसऱ्यांदा हाक मारत न्हाय, मावशी. लाजतंय."

त्यांची एक खोड आईला फार छळायची. न्यायला यायचे ते घड्याळ लावून. चारची वेळ असेल तर चारला पाच मिनिटं कमी असताना गेटशी उभे. पण परत आणायला आई साडेपाचला या म्हणाली, की हे साडेसहाला उगवणार. कधी पावणेसातला. आई फोनवर माझ्याकडं तक्रार करायची, "बघ, आजही तासभर उशीर. मला मेलीला तिथंच बसावं लागलं. मग नरसम्मानं पोहे केले. मग तिची सून आली, मग आम्ही..." ही तक्रार अर्धा अर्धा तास चालायची. मला अक्कल नव्हती म्हणून मी एकदा त्यांना फोन करून झापलं. वेळ पाळत चला म्हटलं.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "जायची येळ चुकवायची न्हाय आन् आणायची येळ पाळायची न्हाय. उटावं वाटत नसताना माणसाला उटवू नये."

एकदा आईला चक्कर आली. मी पुण्यात. शेजारच्या बाईंनी कळवलं आणि मी घाईघाईनं पहिला फोन यांना लावला. आईला डॉक्टरकडं न्या म्हटलं.

"दवाखान्याला न्हाय जमायचं ताई. दुसरी गाडी धाडतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दहा मिनिटांत त्यांनी धाडलेली रिक्षा दाराशी आली, आई डॉक्टरकडं जाऊन गोळ्या घेऊन घरीही आली, तरी माझा राग काही उतरेना. संध्याकाळी आईला फोन केला तर मागून हसण्याखिदळण्याचा आवाज. हे गृहस्थ तडक पूर्व भागात गेले होते आणि मावशीला घेऊन आले होते. मावशी आईच्या उशाशी बसून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात होती, आणि दोघींचं नळदुर्गवरून भांडण चाललं होतं.

हे नळदुर्गचं प्रकरण सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी शाळेची सहल नळदुर्गच्या किल्ल्यात गेली असताना एक मुलगी तिथंच राहिली. गाडी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली, मुलगी सापडली, बुरुजाशी बसून चिंचा खात होती. पण ती मुलगी कुणाच्या वर्गातली, यावर आई आणि मावशी पुढं जन्मभर भांडल्या. आई म्हणायची नरसम्माच्या, मावशी म्हणायची आईच्या. दर गुरुवारी हा खटला नव्यानं उभा राही.

मग मावशी आजारी पडली. साधं दुखणं नव्हतं. तिच्या मुलानं मला पुण्याला फोन करून सांगितलं, की तिला दवाखान्यात ठेवलंय आणि डॉक्टरांनी फार आशा दिलेली नाही. आईला कसं सांगायचं ते तुम्हीच बघा, म्हणाला. मी बघितलं. आईचं ब्लडप्रेशर, आईचं हृदय, आईचं वय, सगळं बघितलं आणि ठरवलं की सांगायचंच नाही. मी मंगळवारी त्यांना फोन केला.

"बोला, कुणाकडं?"

"या गुरुवारी येऊ नका. आईला सांगा, रिक्षा बिघडलीय."

ते म्हणाले, "रिक्षा चांगली हाय की."

"मला माहीतय. पण तसं सांगा. मावशींना दवाखान्यात ठेवलंय, आईला झेपायचं नाही. तुम्हाला काय सांगतेय ते कळतंय ना?"

"कळतंय," ते म्हणाले. करतो असं ते म्हणाले नव्हते, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना ते नेहमीसारखे गेटशी आले. पाट मांडला. आई बसली. त्यांनी विचारलं, "कुणाकडं जायचं?" आई म्हणाली, "दर गुरुवारी काय विचारता हो? नरसम्माकडं." त्यांनी मागं वळून आईला सगळं सांगितलं. मावशी कुठं आहे, कशी आहे, डॉक्टर काय म्हणतात. मग म्हणाले, "जायचं का न्हाय ते तुमी ठरवा बाई. घंटी तुमच्या हातात हाय." आईनं दोनदा घंटी वाजवली.

दवाखान्याच्या दारात त्यांची रिक्षा लागली ती त्या एका दिवशी. आईनं मला सांगितलं, की त्यांनी रिक्षा खरंच तिथवर आणली हे बघून तिलाच आश्चर्य वाटलं. "तुम्ही दवाखान्याला येत नाही ना?" तिनं विचारलं. "दवाखान्याला कुटं आलोय, बाई? मावशीकडं आलोय की," ते म्हणाले, आणि पाट मांडून हात पुढं केला.

संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा मी बँकेतून निघत होते. रस्त्यात उभं राहूनच मी त्यांना फोन लावला आणि त्यांच्या "बोला, कुणाकडं" ला तोडत जे तोंडाला येईल ते बोलले. "तुम्ही रिक्षावाले आहात, रिक्षा चालवा. आमच्या घरात नाक खुपसू नका. माझ्या आईला काही झालं असतं तर तुम्ही भरून देणार होता का? उद्यापासून आमच्याकडं यायचं नाही."

"बरं, ताई," ते म्हणाले.

आईला काही झालं नाही. ती फोनवर फार हळू बोलत होती. म्हणाली, "दोन तास बसले. तिचा हात हातात घेऊन बसले होते. आणि ऐक, ती म्हणाली, ती मुलगी माझ्याच वर्गातली होती गं अक्का. मान्य केलं तिनं. तेव्हाच मला कळलं, ही आता राहत नाही. मग मीही म्हटलं, नाही गं, माझ्याच वर्गातली. मग त्यावरून थोडं भांडलो." आणि तिनं विचारलं, "तू मला कधी सांगणार होतीस? तेराव्याला?"

मावशी रविवारी गेली.

त्याच आठवड्यात कधीतरी आईनं मला रिक्षावाल्यांच्या आईची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव बार्शीजवळचं, त्यांच्या आईची बहीण केम गावाला दिलेली. म्हातारी फाट्यावर उभी राहून यांच्या गाडीत भाकरीचं फडकं द्यायची आणि दर वेळी म्हणायची, "मला येकदा केमला सोड की रं, भनीकडं." हे म्हणायचे, पुढच्या सुट्टीला. अशा कितीतरी सुट्ट्या गेल्या. शेवटी म्हातारी त्यांच्या गाडीत बसली ती आजारी पडल्यावर, बार्शीच्या दवाखान्यात न्यायला म्हणून. मागच्या बाकावर तिला निजवलं होतं. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबली की ती विचारायची, "केम आलं का?" आणि हे घंटी वाजवून सांगायचे, "आलं, आलं." ती दवाखान्यातून परत आली नाही. "त्यांनी जन्मात एवढं एकच खोटं सांगितलंय," आई म्हणाली, "आणि तू त्यांना दुसरं सांगायला लावत होतीस."

हे ऐकूनही मी त्यांना फोन केला नाही. करावासा वाटला, पण काय बोलायचं ते सुचेना, आणि दिवस गेला तसं आणखी सुचेना. यायचं नाही म्हणून मी बजावलं होतं. आईनं पुढच्या गुरुवारी स्वतः फोन लावून त्यांना बोलावून घेतलं. "घंटी माझ्या हातात आहे," असं मला ऐकवलं. त्यानंतर दीड वर्ष ती दर गुरुवारी कुणाकडं ना कुणाकडं जात राहिली. ज्यांची मी नावंही विसरले होते अशा नवी पेठेतल्या बायका तिला पुन्हा भेटल्या. मी फोन करून विचारायचे, "आज कोण आलं होतं?" तर ती म्हणायची, "थांब गं, आता बोलायला वेळ नाही, गाडी आलीय."

एका पहाटे आई झोपेतच गेली. त्या दिवशी ते आले होते. रिक्षा आणली नव्हती, चालत आले. गेटच्या बाहेर चपला काढून उभे राहिले, लांबून हात जोडले. मी त्यांना पाहिलं. दोन पावलं पुढं जाऊन बोलावं असं फार वाटलं. पण कुणीतरी काहीतरी विचारलं, मी वळले, आणि परत बघितलं तेव्हा ते नव्हते.

गेल्या महिन्यात फ्लॅटच्या किल्ल्या नव्या लोकांच्या हवाली करायला मी गाडी घेऊन सोलापूरला गेले. काम अकरालाच आटपलं. सात रस्त्याच्या चौकात उभी राहिले आणि लक्षात आलं, की या गावात मला आता कुणाकडंही जायचं नाही. जन्म झाला, शाळा झाली, लग्न झालं ते गाव, आणि कुणी "कुणाकडं?" म्हणून विचारलं असतं तर सांगायला नाव नव्हतं. मग एक नाव सुचलं. नाव म्हणजे काय, ते तर मला ठाऊकच नव्हतं. मी रिक्षा थांब्यावर सायकलची घंटी बसवलेल्या रिक्षावाल्यांची चौकशी केली. एक जण म्हणाला, "साखरेनं डोळं गेलं की हो त्येंचं. रिक्षा इकली. शेळगीला असत्यात."

शेळगीत घर सापडलं. ओसरीत बाजेवर ते बसले होते. बाजेच्या दांडीला ती सायकलची घंटी बांधलेली. पाट बाजेखाली. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

"कुणाकडं आलाय? पोरगं कामावर गेलंय."

"तुमच्याकडं," मी म्हटलं.

त्यांनी आवाजाकडं कान केला. मग म्हणाले, "बाईंची लेक."

मी खाली बसले. किती वर्षं घोकून ठेवलेलं होतं, ते सगळं विसरले. "मी तुम्हाला त्या दिवशी नको ते बोलले," एवढंच तोंडातून आलं.

"व्हय. लागलं हुतं," ते म्हणाले. "पर बाईंनी दुसऱ्या गुरुवारी हाक मारली, तवा गेलं."

सून चहा घेऊन आली. भली बाई. म्हणाली, "घरात बसून कट्टाळत्यात वो. पर म्हैन्यातनं एकदा रिक्षा करून दवाखान्यात न्हेतो की आमी. तेवढंच भाईर." ते हसले. म्हणाले, "बगा ताई. मी ज्या ठिकाणी कुणाला न्हेलं न्हाय, तितंच तेवढं मला न्हेत्यात."

चहा तसाच ठेवून मी विचारलं, "कुणाकडं जायचं?"

त्यांनी आंधळे डोळे माझ्याकडं फिरवले. असं त्यांना कुणी कधी विचारलं नसावं. मग ते एकेक वार घेत गेले. मंगळवार गेला. बुधवारच्या दोघीही गेल्या. गुरुवारवर येऊन ते थांबले. "गुरुवारी तर बाईंकडंच गेलो असतो," म्हणाले. मग म्हणाले, "सोमवारचं अप्पा हायत का बगा की."

नवी पेठेतल्या दुकानात फोन लावला. अप्पा आहेत, बाळीवेशीत घरीच असतात, ऐकू अजिबात येत नाही, वर्षभरात उंबरा ओलांडलेला नाही, असं मुलगा म्हणाला.

मी गाडीच्या दाराशी पाट मांडला, पायानं दाबून बघितला आणि हात पुढं केला. ते बाजेला बांधलेली घंटी सोडवून हातात घेऊन आले होते. मी गाडी चालू केली आणि तशीच बसून राहिले.

"काय झालं? निगा की."

"घंटी वाजवा ना."

त्यांनी ती मांडीवर धरली आणि दोनदा वाजवली.

बाळीवेशीत अप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. यांना बघून दोन्ही हात पसरून कानडीत ओरडले, "बा, बा! कूडु!" म्हणजे ये, ये, बस. एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही. एक बोलतोय ते दुसऱ्याला कळत नव्हतं आणि दुसऱ्याच्या खुणा पहिल्याला दिसत नव्हत्या, तरी दोघं एकमेकांचे हात धरून एकाच वेळी बोलायला लागले.

मी निघताना ते म्हणाले, "ताई, पाचला या."

पाच वाजेपर्यंत मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला गाडीत बसले. पाच वाजले, तरी बसूनच राहिले. आईला मी आयुष्यात एकदाही कुणाकडं सोडलं नव्हतं. तिला पाट मांडून उतरवावं, तिनं साडेपाच सांगावं आणि मी साडेसहाला जावं, मग तिनं सगळ्या वाटेनं माझ्यावर चिडावं, आणि चिडता चिडता कोण कोण भेटलं ते सांगावं. मला दुसरं काही नको होतं. तलावाच्या पाण्यावरचं ऊन सरकत कडेला गेलं.

सहा वाजून गेल्यावर मी बाळीवेशीत गेले. ते दारात नव्हते, आतच बसले होते. माझी पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"लवकर आलात की, ताई," ते म्हणाले.